शेवटच्या गाडीची काठी

उसाची शेवटची ट्रॉली गावात शिरली आणि काठी आकारामच्या हातातच राहिली.

ट्रॉली गुलालानं माखली होती, स्पीकरवर गाणं दणाणत होतं. ड्रायव्हर सिद्धूनं सवयीनं हात बाहेर काढला, तर आकाराम त्याच्याकडं बघून नुसता हसला. सिद्धूला वाटलं, कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, आता कसली काठी. तो तसाच पुढं गेला.

चार महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं. रस्ता रुंद करायचा तर बत्तीस ओटे जाणार होते. ओटेवाले विरोधात गेले. आतल्या आळीचे, ज्यांची एक वीट हलणार नव्हती, ते एकजात विकासाच्या बाजूनं. भांडून दमल्यावर ठरलं, रस्ता आहे तेवढाच ठेवायचा आणि हंगामात गाड्या एका वेळी एकाच बाजूनं सोडायच्या. विट्याच्या बाजूला वेशीत आकाराम, तासगावच्या बाजूला ओढ्यापाशी पद्मा. मध्ये अर्धा किलोमीटर गाव आणि एक वळण, त्यामुळं एकाला दुसरा दिसत नाही. ज्याच्या हातात काठी त्याची बाजू चालू. शेवटच्या गाडीबरोबर काठी पलीकडं द्यायची आणि ती परत येईपर्यंत थांबायचं. फोनवरही भागलं असतं, पण फोनवर दोघंही 'सोडल्या' म्हणून मोकळे होतात, हे गाव ओळखून होतं. काठी एकच होती.

काठीबरोबर ओढ्याकडून निरोप यायचा. "काकी इचारत्यात, जेवला का?" आकाराम म्हणायचा, "व्हय म्हण." ड्रायव्हरच्या तोंडी देण्यासारखं तेवढंच तो द्यायचा, कारण ते संध्याकाळी पारावर पोचायचं. तो विधुर, ती विधवा, दोघांची साठी गावानं कधीच मोजून ठेवलेली. आणखी एक गोष्ट गावानं टिपली होती. दिसेल त्या बाप्याला भाऊ म्हणणारी पद्मा आकारामला काही भाऊ म्हणत नव्हती.

उद्या ती चालली होती. लेकाचं तिकडं तमिळनाडूत, सेलमला, सोनं-चांदी गाळायचं गलाईचं दुकान. हंगाम संपला की ये म्हणाला होता, तिकीटही त्यानंच काढलं होतं. जायचं काढलं होतं. यायचं नव्हतं काढलं.

खिशातला फोन वाजला. सरपंच दिग्विजय.

"नाना, काठी कुठाय? खाली अकरा गाड्या खोळंबल्यात. काकी सोडंना."

"हितंच ऱ्हायली बघ."

"मग तिला फोन करून सांगा की सोड म्हणून. पट्टा पडला आता."

"काठीबिगार ती सोडायची न्हाई," आकाराम म्हणाला. म्हणताना त्याला बरं वाटलं.

त्यानं टोपी झटकून नीट घातली आणि काठी घेऊन चालत निघाला.

बत्तीस ओट्यांवर माणसं होतीच. चार महिने ज्या काठीला त्यांनी ट्रॅक्टरमधून, टेम्पोमधून, एसटीमधून जाताना बघितलं होतं, ती आज पायी चालली होती. दुकानासमोर सूरजनं मोटरसायकल त्याच्याजवळ हळू केली. दुचाकीला काठीचा नियम नव्हता.

"नाना, आणा हिकडं. दोन मिंटात पोचवतो."

"ऱ्हाऊ दे."

"आवं, अकरा गाड्या थांबल्यात."

"थांबू देत की. मी बी थांबलोच न्हवं."

सूरजनं एकदा त्याच्याकडं, एकदा ओट्यांकडं बघितलं, आणि गाडी वळवून मागच्या मागं निघून गेला.

वळण आलं. वळणापलीकडं ओढा, ओढ्यावर गाड्यांची रांग आणि रांगेच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीत पद्मा. त्याला बघून ती उठली.

"गाडी न्हवती का एक बी?"

"हुत्या की."

तिनं काठी घेतली. मागून कुणीतरी हॉर्न दिला. दोघांनीही तो ऐकला नाही.

"उद्या कवा निघायचं?"

"सकाळी सा ला. पोरगा विट्याला येणार हाय न्यायला."

"तिकडं लय उकडतंय म्हणं."

"उकडतंय."

अर्धा किलोमीटर त्यानं जे जुळवत आणलं होतं, त्यातलं एवढंच बाहेर आलं. पद्मा थोडा वेळ थांबली. आणखी काही येतंय का, ते बघितलं. मग तिनं हात हलवला आणि गाड्या सोडायला लागली.

एक, दोन, पाच. ऊस नाही, मोळ्या नाहीत, नुसत्याच गाड्या. आकाराम बाजूला उभा होता, रिकाम्या हातांचं काय करावं ते न सुचून. अकरावा दुधाचा टेम्पो. धुळा ड्रायव्हरनं खिडकीतून हात पुढं केला.

"आण काकी."

"तू हो म्होरं."

"आन् काठी?"

"शेवटच्याकडं द्यायची आसती न्हवं?" पद्मा म्हणाली. "शेवटाला आमी हाय."

धुळानं हात आत घेतला. पारावर सांगण्यासारखं हे आहे की नाही, याचा त्यालाच उलगडा होईना. त्यानं गाडी पुढं घेतली.

पद्मानं पदर खांद्यावर ओढला आणि काठी टेकत गावाच्या दिशेनं निघाली. आकाराम तिच्या बाजूनं. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा दोघांनी ठेवली होती. घाई कुणालाच नव्हती.

थोड्या वेळानं तासगावहून एसटी आली आणि ओढ्यावर थांबली. खुर्चीत कुणी नव्हतं. अडवणारं कुणी नव्हतं, रस्ता सरळ मोकळा होता. मागं एक जीप येऊन लागली, तिच्यामागं आणखी एक. एसटीच्या ड्रायव्हरनं लांब वळणाशी पोचलेल्या त्या दोघांकडं बघितलं आणि इंजिन बंद केलं.