एका दोरीचे टाळ

या, जवळ सरका. दोन पोरींची गोष्ट सांगतो.

धरणात गाव बुडणार होतं. तेजल आणि कावेरी लहानपणापासून कीर्तनात एकच टाळजोडी आळीपाळीनं वाजवायच्या. आता दोघींना वसाहती वेगळ्या मिळाल्या. टाळ कुणी न्यायचे, यावरून भांडण पेटलं. कावेरीनं विळीवर दोरीच कापली.

"घे तुझा एक. वाजव आता एकटीच."

तेजलचा टाळ खुंटीवर लटकत राहिला. बारावी झाल्यावर ती नवी दोरी घेऊन कावेरीच्या घरी गेली.

"उशीर केलास गं," कावेरीची आई म्हणाली. "गेल्या महिन्यात लग्न होऊन ती गुजरातेत गेली. टाळ नेलाय सोबत. मी दोरी ओवून देत होते, तर म्हणाली, राहू दे, तेजल आणेल."

बाबांनो, गजरात टाळ वाजवाल तेव्हा त्या कावेरीला आठवा.