बोलकी सोबत

पेशंट तोंड उघडून बसला होता आणि डेंटिस्ट फोनवरचा निरोप दुसऱ्यांदा वाचत होती.

'तुमच्या आई आज भरपूर बोलल्या. मात्र तेच तेच प्रश्न विचारत होत्या. मुलीचं नाव विचारलं, तर सांगता आलं नाही.'

निरोप आईकडच्या बोलक्या डबीचा होता. वडील गेल्यावर आई एकटी पडली, म्हणून लेकीनेच ती आणून दिली होती. डबी आईशी गप्पा मारायची, तब्येतीची चौकशी करायची आणि रोज लेकीला खुशाली कळवायची. आई पुरेसं बोलली नाही, तर तेही कळवायची. सुरुवातीला आईने नाक मुरडलं होतं. "मी काय आता ठोकळ्याशी बोलू?" पण हळूहळू ती तासन्‌तास बोलू लागली आणि लेक निर्धास्त झाली.

आता मात्र तिला आईचे फोन आठवू लागले. हल्ली फोनवर आई किती तुटक बोलायची! "बरी आहे गं. ठेवते." काही आठवत नसेल, म्हणून तर घाई करत नसेल?

समोरच्या पेशंटचं काम कसंबसं उरकून, बाकीचे सहकाऱ्यावर सोपवून तिने गाडी काढली. वाटेत नको नको ते मनात येत राहिलं. आईने जन्मभर नर्सची नोकरी केली. वॉर्डातला प्रत्येक पेशंट तिला नावानिशी ठाऊक असायचा. आणि आता पोटच्या पोरीचं नाव विसरली?

तिने आईच्या दाराची बेल वाजवली. आतून बोलण्याचा आवाज येत होता, पण दार कुणी उघडेना.

"आई! अगं आई!"

आतलं बोलणं थांबलं नाही. तिने दोन्ही हातांनी दारावर थापा मारायला सुरुवात केली.

"दार मोडतेस की काय?" मागून आवाज आला.

आई जिना चढून येत होती. केस ओले, खांद्यावर टॉवेल. बरोबर खालच्या मजल्यावरच्या काकू, त्याही तशाच ओल्या. दोघींना धाप लागली होती आणि दोघी हसत होत्या.

लेक धावत खाली उतरली आणि तिने आईचे खांदे धरले. "आई, माझं नाव काय?"

"बावळट," आई म्हणाली. "लाडाने चिमणी. आणि खरं नाव तुझ्या आत्याने ठेवलंय, ते मला अजून आवडलेलं नाही. झालं समाधान?"

लेक रडता रडता हसू लागली.

"होतीस कुठे तू?"

"तलावावर. रोज पोहते."

"आता तर माझ्याही पुढे जाते," काकू कौतुकाने म्हणाल्या.

लेकीने डोळे पुसले. मग तिला एकदम आठवलं. "पण आत कोण बोलतंय?"

काकूंना अचानक खोकला आला. आईने किल्ली शोधायला उगाचच वेळ लावला. शेवटी नाइलाजाने दार उघडलं.

टेबलावर आईची डबी होती. तिच्यासमोर, तोंडाला तोंड लावून, काकूंच्या मुलाने पाठवलेली तसलीच दुसरी.

"आजी, आज कसं वाटतंय? गोळी घेतली का?" पहिलीने विचारलं.

"मी मजेत आहे," दुसरी म्हणाली. "आणि आजी, तुम्ही घेतली का?"