फौजदारांचं पिस्तूल

मिस्त्रीनं पिस्तुलाचं मॅगझीन काढून टेबलावरच्या फडक्यावर आपटलं तेव्हा आतून तीन मुंग्या पडल्या. दोन मेलेल्या होत्या, एक चालत निघाली. मागोमाग बिस्किटाचा चुरा पडला. पोलिसांच्या शस्त्रागारात बावीस वर्षं काढून त्यानं असं कधी पाहिलं नव्हतं.

"गाडीच्या खणात असतं ना," फौजदार म्हणाले. "खाणंपिणंही तिथंच असतं माझं." आगाऊपणा जणू मुंग्यांनीच केला होता.

नळीत एक काडतूस तसंच होतं. ते मिस्त्रीनं बाहेर काढलं, खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिलं. पितळ कोरं करकरीत; चाप ओढला की बुडाला टोचा बसतो, इथं साधा ओरखडासुद्धा नाही. ते वाटीत टाकून त्यानं रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढला. टक्. वरचा भाग मागे खेचून पुन्हा ओढला. टक्. तिसऱ्यांदाही टक्.

"माल दणकट आहे," तो म्हणाला.

"डोंबलाचा दणकट! ऐन वेळी दगा दिला. चार वेळा चाप ओढला मी, चार वेळा! जबाबात तसं लिहून दिलंय. तोवर हवालदार पडला."

हवालदार परवा सकाळी पडला होता. बंद गोदामात लपलेल्या एका फरारी गुन्हेगाराला धरायला दोघं गेले. हवालदार पुढे, हातात नुसती काठी. फौजदार मागे, हातात पिस्तूल. त्या बदमाशानं दोन गोळ्या झाडल्या आणि फौजदारांच्या अंगावरून पळून गेला.

आज बारा वाजता चौकशी होती. फौजदारांच्या जबाबाप्रमाणे हवालदार हुकमाशिवाय आत घुसला आणि पिस्तुलानं साथ दिली नाही म्हणून मेला. हे मान्य झालं, की मरण त्याच्याच आगाऊपणाच्या खाती जमा. मग त्याच्या बायकोनं दोन मुलींना घेऊन महिनाभरात क्वार्टर रिकामं करायचं.

"फक्त ही घाण दिसता कामा नये," फौजदारांनी दाराकडे बघत आवाज उतरवला. "दिसली तर निष्काळजीपणा माझ्या माथी बसेल. तेच चकाचक असलं, तर मी काय करणार? हत्यारच खराब. बरोबर ना?"

मिस्त्रीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग वाटीतल्या त्या कोऱ्या काडतुसाकडे.

"बरोबर," तो म्हणाला. "साफ करायलाच हवं."

त्यानं पिस्तूल उघडलं. नळी, स्प्रिंग, सांगाडा वेगवेगळे मांडले. स्प्रिंगच्या वेटोळ्यात केस अडकले होते, मुठीच्या फटीत कापलेल्या नखाचा तुकडा. नळीत द्रावण सोडून ब्रश फिरवला, तर दुसऱ्या टोकानं काळा, चिकट, गोडसर वासाचा रस गळायला लागला. फौजदारांनी नाकाला रुमाल लावला. स्वतःचीच घाण, आणि नाकाला रुमाल! मिस्त्रीला शिसारी आली. हवालदार तर आपल्या काठीलाही तेल लावून ठेवायचा. पोरं हसायची त्याला.

चिंध्यांमागून चिंध्या काळ्या झाल्या. शेवटची पांढरी बाहेर आली तेव्हा मिस्त्रीनं तेलाची कुपी घेतली. घासणाऱ्या प्रत्येक जागी एकेक थेंब, मग जास्तीचं पुसून. काडतुसंही एकेक करून पुसली.

"असं करून देतो साहेब, की एकदाही अडकणार नाही."

"वा! जरा चांगलं हाताळलं की सगळं सुरळीत होतं बघा."

मिस्त्रीनं कपाटातून सफाईची वही काढली. "दर शनिवारी हत्यार साफ केल्याची सही लागते. वर्षभरात तुमची एकही नाही."

"आता करतो की!"

फौजदार बसले आणि एका दमात बावन्न सह्या ठोकल्या. वेगळ्या दिवसांच्या वाटाव्यात म्हणून मधूनमधून पेनही बदललं, इतकी अक्कल होती त्यांना. मिस्त्री शेजारी उभा राहून पानं उलटत होता. किळस आता थोडी त्याच्या स्वतःच्या हातांचीही होती.

"तुमचे उपकार विसरणार नाही, मिस्त्री. हवालदाराचं काय, तो तर गेलाच."

मिस्त्रीनं वही मिटली.

बाराच्या ठोक्याला चौकशीच्या मॅडम आल्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पिस्तुलावरून पांढरा रुमाल फिरवला. रुमाल पांढराच राहिला.

"कोण ठेवतं हे इतकं छान?"

"मीच, मॅडम." फौजदारांची छाती फुगली. "दर शनिवारी, स्वतःच्या हातानं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. वही बघा ना."

मॅडमनी वही पाहिली. पानं उलटली, सह्या पाहिल्या, मान डोलावली.

"म्हणजे परवाही ते असंच होतं?"

"अगदी असंच! म्हणून तर म्हणतो, दोष हत्याराचा."

"काडतुसं परवाचीच का?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं.

"तीच, आठ."

"चला."

शस्त्रागारामागे वाळूच्या पोत्यांची भिंत होती. मॅडमनी कानांवर आवाज अडवणारा पट्टा चढवला आणि हात सरळ केला. पहिली गोळी सुटली तेव्हा फौजदारांनी मिस्त्रीकडे बघून डोळा मारला. तिसरीला त्यांनी गळ्याचं बटण सोडलं. सहावीनंतर ते मिस्त्रीकडेच बघत राहिले. मिस्त्री पोत्यातून गळणारी वाळू बघत होता. आठवी सुटली, आवाज विरला.

मॅडमनी रिकामं पिस्तूल खाली घेतलं आणि फौजदारांकडे वळल्या.

"सुरेख चालतं हो. आता सांगा, परवा चाप का ओढला नाहीत?"