पांढरे बूट

"आमच्या क्रिप्टोचं एक कॉइन म्हणजे एक पोतं हळद! कॉइन तुमच्या मोबाइलमध्ये, माल इथंच सांगलीच्या गोदामात!" पांढऱ्या बुटांतला तरुण स्टेजवरून म्हणाला आणि अख्खा हॉल टाळ्यांनी दणाणला.

हौसाक्कानंही टाळ्या वाजवल्या. तिची तीस वर्षं हळद निवडण्यात गेली होती. आता त्याच हळदीवर दुप्पट पैसे मिळणार, म्हणून तिचा आनंद गगनात मावत नव्हता. अकरा जणींच्या भिशीचे पैसे तिच्या पिशवीत होते. पण बायकांनी बजावलं होतं, "अक्का, विचारल्याबिगर एक रुपया सोडू नकोस."

ती उठली. "साहेब, माल डोळ्यांनी बघितलाय का?"

"म्हणजे काय, मावशी! आज सकाळी तासभर गोदामातच होतो. पोतं न् पोतं मोजून थेट इथं आलोय."

हौसाक्का त्याच्या बुटांकडे बघत राहिली. मग तिनं दोन्ही तळहात वर केले. आठवडाभर ती कामावर गेली नव्हती, तरी ते पिवळेधमक होते.

"हळदीच्या गोदामात नुसतं डोकावलं तरी माणूस पिवळा होतो. तुम्ही तासभर पोती मोजली?"

एकच हशा पिकला. हमाल, निवडणाऱ्या बायका, सगळेच माना उंचावून बूट बघू लागले.

हौसाक्काला आता चेव चढला होता. "चला, दाखवा गोदाम! बूट पिवळे झाले की पहिले पैसे माझे!"

लोक खुर्च्या सरकवून उठलेसुद्धा. जागचे हलेनात ते फक्त पांढरे बूट.