बत्तीस सालची पावली

"सावकाश बघा, वेंडेल. संध्याकाळी सांगा काय किंमत होते ती," आर्लिस म्हणाली आणि तिने निळा अल्बम टेबलावरून पुढे सरकवला.

वेंडेल क्रोगने चष्मा पुसला. दुलूथच्या नाणे-मंडळाचं वार्षिक प्रदर्शन नुकतंच उघडलं होतं. मंडळाचे अध्यक्ष कॉफीचा कप घेऊन शेजारीच उभे होते, तेही वाकून बघू लागले. पाव डॉलरची चांदीची नाणी, सालवार, एकही खोबण रिकामी नाही. पहिल्याच ओळीत डेन्व्हर टांकसाळीची, क्वचितच मिळणारी बत्तीस सालची पावली. काल पाडल्यासारखी.

"अगं पोरी, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या पगारावर हे जमवलंस?" वेंडेल म्हणाला. "भल्या भल्या डॉक्टरांना जमत नाही."

"गुरू चांगला मिळाला."

हे खोटं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं आडनाव लावून मंडळात आली, तेव्हा भिंग कसं धरायचं ते वेंडेलनेच शिकवलं होतं. घासून चकचकीत केलेली चांदी आंधळी, निर्जीव दिसते. न हाताळलेली चांदी फिरवली की तिच्यावरचा उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. "दहा बरी नाणी घेऊ नकोस," तो सांगायचा. "वर्षभर थांब आणि एकच घे. पण असं घे की त्या सालचं दुसरं बघावंसं वाटू नये."

ती थांबली. विकणाऱ्याने चुकून कमी दर्जाची म्हणून टाकलेली नाणी तिने डोळ्यात तेल घालून वेचली. दोन मध्यम देऊन एक उत्तम घेतलं. गाडीचा हीटर बिघडला तर तीन हिवाळे घोंगडी पांघरून गाडी चालवली. बत्तीस सालच्या पावलीसाठी लग्नातली अंगठी मोडली; नवरा तसाही निघून गेला होता.

एक गोष्ट मात्र वेंडेलला कधीच कळली नाही. ती सेल्मर ट्वेटची मुलगी होती.

सेल्मर बस दुरुस्त करायचा. त्याच्याकडेही असाच अल्बम होता आणि त्यात आत्याने दिलेली बत्तीस सालची कोरी पावली. एकदा किंमत करायला म्हणून कागदात गुंडाळलेला अल्बम त्याने वेंडेलच्या नाण्यांच्या दुकानात ठेवला आणि तो कामावर पळाला. परत आणला तेव्हा त्या खोबणीत त्रेपन्न सालची झिजकी पावली बसली होती.

सेल्मरने मंडळाच्या भर सभेत आरोप केला.

"अरे, चोरायचीच असती तर निदान त्याच सालची झिजकी बसवली असती ना!" वेंडेल म्हणाला. "मी काय इतका बावळट आहे?"

सगळे हसले. पुरावा नव्हता. मंडळाने सेल्मरलाच काढून टाकलं. त्यानंतर तो नाण्यांबद्दल बोलला नाही. कशाबद्दलच फारसं बोलला नाही. चार वर्षांनी गेला. वेंडेलने फुलं पाठवली होती. पंधरा वर्षांच्या आर्लिसने ती मागच्या दाराने बर्फात भिरकावली.

दुपारी वेंडेल नेहमीप्रमाणे टेबल तिच्यावर सोपवून उठला. "तुझ्यासाठी सँडविच आणू?"

"आणा की."

तो गेल्यावर तिने अल्बम उघडला, बत्तीस सालची पावली काढली, त्या जागी त्रेपन्न सालची झिजकी बसवली. आपलं एकोणीस वर्षांच्या कमाईचं नाणं लोकरीच्या फडक्यात गुंडाळून वेंडेलच्या टेबलाच्या तळाच्या खणात ठेवलं. मग त्याने आणलेलं सँडविच चवीने खाल्लं.

संध्याकाळी तिने अध्यक्षांसमोरच अल्बम उघडला.

"वेंडेल, हे काय?"

अध्यक्षांचा चेहरा पडला. सकाळी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी ती पावली पाहिली होती. खण उघडले गेले. फडकं सापडलं. आर्लिसने काढून ठेवलेल्या फोटोतला केसाएवढा ओरखडा तंतोतंत जुळला.

"मी नाही ठेवली ती तिथे," वेंडेल म्हणाला. त्याचे हात टेबलावर नुसतेच फिरत होते. "आर्लिस, तू तरी सांग यांना. तू इथेच होतीस ना?"

"आज होते," आर्लिस म्हणाली. "माझ्या बापाच्या वेळी नव्हते. सेल्मर ट्वेट. आठवतोय?"

आर्लिसवर कुणाला संशय आला नाही. आपलंच नाणं कोण चोरतं? मागून एक म्हातारा पुटपुटला, "म्हणजे बिचारा सेल्मर खरंच बोलत होता."

आठवड्यात वेंडेलला मंडळाने काढलं. दुकानाच्या काचेवर कुणीतरी 'चोर' असं रंगवलं. तो ते खरवडत असताना आर्लिसने त्याला समोरच्या फुटपाथवरून पाहिलं. ती हलली नाही. अक्षर न् अक्षर निघेपर्यंत बघत राहिली. महिनाभरात त्याने पाटी उतरवली आणि तो गाव सोडून गेला.

मंडळाने सेल्मरचं सदस्यत्व सन्मानाने परत केलं. ते पत्र चौकटीत बसवून आर्लिस वृद्धाश्रमात आईकडे गेली. हॅरिएट शहाऐंशी वर्षांची होती, पण तिच्या लक्षात सगळं असायचं.

"आई, बाबांना न्याय मिळाला," आर्लिस म्हणाली आणि तिने खणाची गोष्ट सोडून सगळं सांगितलं.

हॅरिएटने पत्र दोनदा वाचलं. "मग वेंडेलचं काय झालं?"

"संपला तो."

हॅरिएटने पत्र मांडीवर ठेवलं. "त्या मंडळात जात होतीस, हे मला का नाही गं सांगितलंस?"

"तुला कशाला जुना त्रास?"

"सांगितलं असतंस, तर मीही सांगून टाकलं असतं. तुझ्या बापासमोर तोंड उघडायची हिंमत झाली नाही. आधी भांडण पेटलं, मग तो खचला, मग गेलाच."

"काय सांगितलं असतंस, आई?"

"लाँड्रीला निघाले तर नाण्यावर चालणाऱ्या मशीनसाठी एक पावली कमी पडत होती गं. त्याच्या अल्बममधली घेतली, आणि घरी येऊन त्या जागी वाटेत सुट्ट्यात आलेली दुसरी बसवून ठेवली."