तिसऱ्या लाडवाचं पान

लग्नाला बावीस वर्षं झाली, तेव्हा कुठे तात्सुओने चिझुरूला हिरोसाकीच्या किल्ल्यातला चेरीचा बहर दाखवायला आणलं होतं.

दुपारी नूडल्सच्या दुकानात वाढणाऱ्या बाईने चहाचे तीन पेले ठेवले.

"अहो, आम्ही दोघंच आहोत," चिझुरू म्हणाली. बाई तात्सुओशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली आणि पेला न उचलताच गेली.

मिठाईवाल्यानेही न विचारता तीन लाडू बांधले, चेरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेले, गुलाबी.

"तीन कशाला हो?"

"सुट्टीची गर्दी, गोंधळतात बिचारे," तात्सुओ म्हणाला. "तू उगाच डोक्यात घेऊन बसू नकोस."

झाडाखाली सतरंजी अंथरून दोघांनी आपापला लाडू पानासकट खाल्ला; पहिल्यापासून तशीच सवय. चिझुरू थर्मासमधून चहा ओतून वळली, तर तिसरा लाडू संपलेला. पान मात्र अलगद सोलून, चौघडी घालून सतरंजीच्या रिकाम्या कोपऱ्यावर ठेवलं होतं.

तात्सुओ त्या कोपऱ्याकडे बघून हसला. बावीस वर्षांत चिझुरूकडे बघून तो असा कधी हसला नव्हता.

"पान खावं गं," तो लाडाने म्हणाला, "किती वर्षं सांगतोय तुला!"