कल्याणप्पाची नाव

"कल्याणप्पाच्या नावेतनं कुणी बुडालंय का?" राजपालने सरळच विचारलं.

जाळं झटकणारा म्हातारा थांबला. नाव घ्यायला आलेला माणूस भाव विचारतो, फार तर पत्र्याची जाडी विचारतो. हे काही वेगळंच होतं.

"न्हाय बा," तो म्हणाला. "ही त्याचीच हाय. लई वर्सं झाली, थेंब शिरला न्हाय. का? तुमच्यात कुणी बुडालंय काय?"

"न्हाय."

खोटं बोलताना राजपालची जीभ आता अडखळत नसे. त्याचा थोरला भाऊ बुद्धघोष गेल्या पावसाळ्यात तेरजवळच्या धरणात गेला होता. वारं सुटलं आणि नाव उलटली. आधी नाव सापडली, मग भाऊ.

ती नाव राजपालनेच धाराशिवच्या एका भंगारवाल्याला दिली. देताना म्हणाला, कुणाची, कुठली, ते पुढं कुणाला सांगू नका. माणूस गेलेल्या नावेला कोण हात लावतो? घर बौद्धाचं. असलं काही मानायचं नाही, हे घरात सगळ्यांनाच पाठ होतं. "म्या बी मानत न्हाय," त्याची बायको क्षमा म्हणाली होती, "पण तिचा खिळासुद्धा दारात नको." त्यावर कुणी वाद घातला नाही.

पण चूल मासळीवरच पेटत होती. राजपाल धाराशिवची रिक्षा सोडून गावी आला आणि मागून आणलेल्या नावेत बसून धरणात जाऊ लागला. तो परत येईपर्यंत क्षमा काठावर उभी असायची. जेवायची नाही, बोलायची नाही. आई, मथुराबाई, घरात बसून असायची. तिची नजर आधीच अधू होती, थोरला गेल्यावर उरलीसुरलीही गेली. पूर्वी ती काठाला ओढलेल्या थोरल्याच्या नावेत बसून दिवसभर जाळी विणायची. आता तिने जाळ्याला हात लावणंही सोडलं होतं.

शेवटी क्षमाने अट घातली. नाव नवीच पाहिजे आणि करणारा माणूस आधी पारखून घ्यायचा. नाहीतर ती माहेरी जाणार होती, आणि ती नुसतं बोलणाऱ्यातली नव्हती.

म्हणून राजपाल नावा बनवणाऱ्या कल्याणप्पाच्या गावी, अणदूरला आला होता. विकणारा काय काय लपवतो, हे त्याला स्वतःवरून चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे त्याने पोरीसाठी स्थळ बघावं तशी चौकशी मांडली. खंडोबाच्या देवळाजवळच्या हॉटेलात विचारलं, पितो का? "चहा पितो. लई पितो," उत्तर आलं. नीलम्मा नावाच्या एका मासेवालीने तर तक्रारच केली. तिच्या नवऱ्याची नाव तयार झाली होती, पण एक जोड मनासारखा बसला नाही म्हणून या बाबाने ती पुन्हा कापली आणि हंगाम निम्मा वाया घालवला. राजपालला ती तक्रार फार आवडली.

कल्याणप्पा शेडमध्ये वेल्डिंग करत होता. त्याने डोळ्यांवरची काच वर सरकवली.

"झाली का चौकशी?"

राजपाल ओशाळला. गावाने आधीच बातमी पोचवली होती.

"राग मानू नका, अप्पा. जुनी नाव रंगवून तर देत न्हाय ना?"

कल्याणप्पाने राग मानला नाही. कोपऱ्यातले कोरे पत्रे दाखवले. "तुमच्या डोळ्यांदेखत कापतो. येऊन बसा इथं."

राजपाल खरंच येऊन बसला. पत्रा कापताना पाहिला, वाकवताना पाहिला. तयार नाव विटांवर ठेवून कल्याणप्पाने ती पाण्याने काठोकाठ भरली, तेव्हा राजपाल खाली वाकून एकेका जोडावरून बोट फिरवत राहिला. बोट कोरडंच निघालं.

"बैठकीची फळी तेवढी जुनी हाय," कल्याणप्पा आपणहून म्हणाला. "साग हाय. धाराशिवच्या जुन्या बाजारात घावला. नवं लाकूड पाण्यानं फुगतंय. वरनं रंधा मारलाय. नको असंल तर बदलतो."

"ऱ्हाऊ द्या," राजपाल म्हणाला. एवढंही जो सांगतो तो आणखी काय लपवणार? कित्येक महिन्यांनी त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं.

निळ्या रंगाची नाव टेम्पोतून काठावर आली. मेणबत्ती, अगरबत्ती लावून वंदना झाली. क्षमाने नावेभोवती फेरी मारली, पत्र्यावर मूठ आपटून पाहिली, राजपालकडून चौकशीची सगळी हकिकत पुन्हा वदवून घेतली. नीलम्माची तक्रार ऐकून ती हसली. हसली म्हणजे खरंच हसली, भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदा. मग साडीचा काठ आवरून आत पाय टाकला.

"उद्या म्या बी येते धरणात," ती म्हणाली. राजपालचे डोळे भरून आले.

"मला बी बसवा," मागून मथुराबाई म्हणाली. "जाळं द्या हातात. किती दिस झाले."

दोघांनी हात धरून तिला बैठकीवर बसवलं. जाळं मांडीवर घेऊन तिने दोऱ्याचं टोक उलगडलं. विणायचं तर दोरा कशाला तरी अडकवून ताणावा लागतो. राजपाल खुंटी शोधू लागला.

"राहू दे," मथुराबाई म्हणाली. तिचा हात न चाचपडता फळीच्या खालच्या अंगाला गेला आणि दोरा तिथल्या खाचेत अलगद बसला. ती क्षमाच्या बाजूला तोंड करून समाधानाने म्हणाली, "बुद्धघोषनं माझ्यासाठीच पाडलीय ती."